नाव तेच, माल दुसरा

दिल्लीच्या दक्षिण भागात नेहरू प्लेस नावाची एक प्रसिद्ध पेठ आहे. उंच इमारतींच्या मधोमध फरसबंद पटांगण, कडेने संगणकांची आणि त्यांच्या सुट्या भागांची दाटीवाटीची दुकाने, आणि पायऱ्यांच्या आश्रयाने बसलेले फेरीवाले, असे तिचे रूप आहे. विद्यार्थी, छोटे व्यावसायिक आणि दुरुस्तीचे काम करणारे कारागीर यांची तेथे सदैव वर्दळ असते. करोल बागेत राहणारा एखादा मराठी कारकून घरातील मंदावलेल्या संगणकाला थोडी गती यावी म्हणून मेट्रोने तेथे उतरतो, तेव्हा तो बहुधा एकच वस्तू मागतो. तिला सॉलिड स्टेट ड्राइव्ह, अथवा थोडक्यात एसएसडी, असे म्हणतात. ती आधी वापरलेल्या मित्राकडून त्याने तिचे नाव कागदावर लिहून आणलेले असते. दुकानदार त्याच नावाची बंद पेटी त्याच्या हाती ठेवतो. नाव तेच, पेटी तीच आणि किंमतही जवळजवळ तीच. परंतु पेटीतील वस्तूही तीच असेल काय? हा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही.

या प्रश्नाचे मर्म कळण्यासाठी त्या वस्तूची थोडी ओळख करून घेतली पाहिजे. जुन्या हार्ड डिस्कमध्ये फिरती तबकडी असे. एसएसडीमध्ये हलणारा भागच नाही. स्मृतीच्या चिप्स माहिती साठवितात आणि कंट्रोलर नावाची दुसरी चिप हा सारा कारभार पाहते. स्मृतीच्या चिपमध्ये असंख्य सूक्ष्म कप्पे असतात. एका कप्प्यात तीन बिट साठवावयाचे तर विद्युत्‌भाराच्या आठ पातळ्या ओळखाव्या लागतात. चार बिट साठवावयाचे तर सोळा. मापटे तेवढेच, पण त्यावरील रेघा दुप्पट, असा हा प्रकार आहे. रेघा जितक्या जवळ येतात, तितके माप जपून घ्यावे लागते. म्हणून लिहिण्याची गती मंदावते आणि पुन्हा पुन्हा पुसून लिहिण्याची कप्प्याची ताकदही घटते. मात्र माल स्वस्त पडतो. ही उणीव जाणवू नये म्हणून काही कप्पे जलद लेखनासाठी वेगळे वापरले जातात. ते भरेपर्यंत गती उत्तम असते. ते भरले की वस्तूची खरी गती उघडी पडते. पेटीवर छापलेला आकडा बहुधा पहिल्या गतीचा असतो, आणि त्याच्यामागे ‘पर्यंत’ हा लहानसा पण फार सोयीचा शब्द असतो.

गेल्या काही वर्षांतील प्रकरणे या शब्दाच्या आडोशानेच घडली. २०१४ च्या सुमारास किंग्स्टन कंपनीच्या व्ही-३०० या मालिकेत आरंभीच्या स्मृतीऐवजी संथ जातीची स्मृती बसविल्याचे परीक्षकांच्या ध्यानात आले. नाव मात्र बदलले नव्हते. २०२१ मध्ये अशा बातम्यांची जणू रांगच लागली. एडाटाच्या एसएक्स-८२०० प्रो या नावाजलेल्या वस्तूत कंट्रोलर आणि स्मृती बदलल्याचे आढळले. क्रूशियलच्या पी-२ मध्ये तीन बिटांच्या स्मृतीच्या जागी चार बिटांची आली. वेस्टर्न डिजिटलच्या एसएन-५५० मध्ये राखीव जलद भाग संपल्यावरची लेखनाची गती सेकंदाला सुमारे ६१० मेगाबाइटवरून सुमारे ३९० वर उतरल्याचे चाचणीत दिसले. यांतील कोणतीही वस्तू नकली नव्हती. ती मूळ कारखान्यातूनच, मूळ नावाने आणि रीतसर हमीसह आली होती. बाजारातील नकली मालाची गोष्ट वेगळी. तेथे चोर बाहेरचा असतो आणि त्याला ओळखण्याचे मार्गही ठाऊक असतात.

उत्पादकांची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. २०२० आणि २०२१ या वर्षांत साऱ्या जगात चिप्सचा तुटवडा पडला होता. ठरलेली चिप मिळेना, तेव्हा कारखाना बंद ठेवण्यापेक्षा दुसरी वापरावी, हा विचार व्यवहाराला सोडून नाही. शिवाय बदल म्हणजे नेहमी घसरणच असते असेही नाही. सॅमसंगने २०२१ मध्ये ९७० ईव्हो प्लस या वस्तूतील कंट्रोलर बदलला, तेव्हा जलद भाग वाढला, पण तो भरल्यानंतरची गती कमी झाली. एका गिऱ्हाइकाला तो लाभ, दुसऱ्याला तोटा. परंतु तेथे पेटीचे रूप आणि वस्तूचा क्रमांक बदलला होता, व माहितीपत्रकातही दुरुस्ती झाली होती. बारकाईने पाहणाऱ्याला फरक कळण्याची वाट तरी मोकळी होती. तात्पर्य, दोष बदल करण्यात नाही, तो न सांगण्यात आहे.

न सांगण्याने नेमकी हानी कोणाची होते? केवळ गती कमी झाली, एवढ्यावर हा हिशेब संपत नाही. नवी वस्तू बाजारात येते तेव्हा परीक्षक तिची कसोटी घेतात, पहिली गिऱ्हाइके तिच्याविषयी चार बरे शब्द बोलतात, आणि त्या साक्षीवर वस्तूचे नाव उभे राहते. पुढे आतील माल बदलला, तरी ती साक्ष तशीच उभी राहते. ज्या वस्तूविषयी ती दिली गेली, ती आता दुकानात नसते, आणि जी दुकानात असते तिची साक्ष कोणीच दिलेली नसते. पहिल्या गिऱ्हाइकाच्या सचोटीच्या शब्दावर दुसऱ्या गिऱ्हाइकाकडून पैसे घेतले जातात. करोल बागेतील त्या कारकुनाचा मित्र खोटे बोलला नव्हता. तरीही तो नकळत खोटा ठरतो. ‘नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा’ ही म्हण आपल्याकडे जुनी आहे. येथे सोनुबाईच्या हाती आधी खरोखरीच सोने होते, आणि पारख करणारे निघून गेल्यावर वाळा बदलला गेला, एवढेच.

या दुखण्यावरचा उतारा दिल्लीच्या सरकारी कचेऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. गणवेशाचे कापड, घोंगड्या, बूट अशा मालाच्या खरेदीत मंजूर झालेल्या नमुन्यावर मोहोर लावून तो जपून ठेवीत, आणि पुढे येणारा माल त्याच्याशी ताडून पाहत. केंद्र सरकारची मोठी खरेदी पाहणारे पुरवठा व विल्हेवाट महासंचालनालय २०१७ मध्ये बंद झाले आणि ती खरेदी २०१६ साली सुरू झालेल्या ‘जेम’ या संगणकीय बाजारपेठेकडे गेली. पण मोहोरबंद नमुन्यामागील तत्त्व जुने झालेले नाही. पहिला माल चांगला होता, हा शेवटच्या मालाचा पुरावा नव्हे. याच शहरात बहादूरशाह जफर मार्गावर मानक भवन आहे. १९४७ मध्ये भारतीय मानक संस्था स्थापन झाली, १९५२ च्या कायद्याने तिच्या प्रमाणचिन्हाला आधार मिळाला, आणि १९८७ पासून तिचे काम भारतीय मानक ब्यूरो पाहतो. चिन्ह मिळाल्यावरही बाजारातून नमुने उचलून ते तपासले जातात, यातच त्या चिन्हाची किंमत आहे.

कायद्यानेही ग्राहकाला अगदीच उघड्यावर सोडलेले नाही. २० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या ग्राहक संरक्षण कायद्याने मालाचा दर्जा व मानक यांविषयी माहिती मिळण्याचा हक्क मान्य केला आहे. मालाचा दर्जा, घटक किंवा नमुना यांविषयी खोटे भासविणे ही त्या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरते. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनी आहे. अडचण इतकीच, की जे पेटीवर कधी लिहिलेच नव्हते, त्याचा भंग झाला हे सिद्ध करणे कठीण जाते. म्हणून ग्राहकाने बिल जपावे, हमीची मुदत आणि एकूण किती लेखन वस्तू सोसेल याचा छापील आकडा पाहावा, आणि परत करण्याची मुदत आहे तोवर एकदा मोठी फाइल उतरवून गती पडताळावी. मोलाच्या माहितीची दुसरी प्रत तर नेहमीच असू द्यावी.

परंतु सारा भार ग्राहकावर टाकणे न्यायाचे होणार नाही. उपाय उत्पादकाच्याच हाती आहे आणि त्याला फारसा खर्चही नाही. २०२१ च्या टीकेनंतर वेस्टर्न डिजिटलने जाहीर केले, की यापुढे छापील गुणधर्मांवर परिणाम करणारा बदल झाल्यास नवा क्रमांक दिला जाईल. हे अभिवचन योग्य दिशेचे आहे, पण अपुरे आहे, कारण जे गुणधर्म छापलेच जात नाहीत, त्यांना ते लागू पडत नाही. स्मृतीची जात, कंट्रोलरचे नाव आणि जलद भाग भरल्यानंतरची गती या तीन गोष्टी पेटीवर आल्या, तर ‘पर्यंत’ या शब्दाचा आडोसाच उरणार नाही. २०२५ च्या उत्तरार्धात स्मृतीच्या चिप्सचे भाव पुन्हा चढले. अशा वेळी स्वस्त माल जुन्या नावाखाली सरकविण्याचा मोह वाढतो. म्हणूनच हा विषय मागे पडलेला नाही.

उत्तम माल आणि साधा माल, दोहोंनाही बाजारात जागा आहे, आणि दोहोंनाही गिऱ्हाईक आहे. नेहरू प्लेसला आलेला कारकून फार मोठे मागत नाही. मित्राने जे नाव सांगितले, त्या नावाने तीच वस्तू मिळावी, एवढेच तो मागतो. आतला माल बदलला, तर पेटीवरचे नावही बदलावे.