दडवलेले कागद



मी इथलाच. पोट गोदीत, मुंबईला. मॅट्रिक झालो, हमाली करतो, कविता लिहितो.

कथा-कादंबरीत नवरा-बायकोतलं गुपित म्हणजे काय? जुनं प्रेम, कपाटातलं पत्र. पांढरपेशांची चैन! आपल्या एका खोलीत लपणार काय, असं मी छाती फुगवून म्हणायचो. बेबीताई कांबळ्यांनी मला गप्प केलं.

फलटणला त्यांचं छोटं दुकान होतं. नवऱ्याच्या नजरेआड त्या लिहायच्या. वीसेक वर्षं ते कागद त्यांनी घरातच दडवले. १९८६ साली 'जिणं आमुचं' पुस्तकरूपात आलं. कादंबरी नव्हे, आत्मकथन. महारवाड्यातल्या सुनांचा छळ त्यात आहे, कापलेली नाकं आहेत. स्वतःच्या नवऱ्याचा मार मात्र नाही. तो त्यांनी माया पंडितांना मुलाखतीत सांगितला. इंग्रजी भाषांतर २००८ साली निघालं, त्यात ती मुलाखत आहे.

म्हणजे लपवलेल्या कागदांतही एक लपवलेलं होतंच.

आता माझंच बघा. माझ्या कवितेतला बाप सालदार, भुकेला, मालकाला भिडणारा. टाळ्या पडतात. तोच बाप दारू पिऊन मायच्या पाठीवर पऱ्हाटी मोडायचा. ही ओळ मी कुठं लिहिली? तो मेला तेव्हा माय आठ दिवस जेवली नाही. मी चिडून विचारलं, "एवढी काऊन रडतं त्याच्यासाठी?"

"रडू नाही तं का करू? आता भांडू कोनाशी?"

एवढंच बोलली.

ती कविता खिशात आहे. माय समोर बसली आहे, दुसऱ्या रांगेत. आज वाचत नाही. आधी तिला घरी वाचून दाखवतो.