परक्या गावातले बिऱ्हाड
(वर्धापनदिनानिमित्त विहारात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



चीनमधल्या एका समुद्रकाठच्या शहरावर आम्ही बोलणार म्हटल्यावर पुष्कळांनी विचारले, गिरणी कामगाराचा आणि चीनचा संबंध काय? आम्ही तिथे गेलेलो नाही. आमची उमर साच्यावर गेली आणि वाचन झाले ते पाळी सुटल्यावर. पण आपल्या वस्तीतली पोरं आता परदेशी जायचे म्हणतात, एजंट लोक चाळीत येऊन स्वस्त शिक्षण, स्वस्त राहणी असे सांगून जातात. म्हणून आम्ही चार पुस्तके चाळली आणि एकच शहर धरले. त्याचे नाव च्वान्चौ. इंग्रजी नकाशात क्वानझाऊ असे काहीसे वाचले जाते.

फुजियान प्रांतात, तैवानच्या समोरच्या किनाऱ्यावर हे शहर आहे. लहान म्हणायचे ते चीनच्या हिशेबाने! आजूबाजूचे तालुके धरून २०२० च्या जनगणनेत सुमारे ८८ लाख माणसे भरली. शेजारी शियामेन हे नावाजलेले शहर, तिथल्या घरांच्या किमती आभाळाला. च्वान्चौ त्या मानाने परवडते. गल्ल्या जुन्या, कालवे घातलेले ऑम्लेट आणि शेंगदाण्याचे गोड सूप रस्त्यावर मिळते. सप्टेंबर २०२३ पासून फुचौ-शियामेन वेगवान रेल्वे इथून जाते. उन्हाळ्यात तुफाने येतात. जुलै २०२३ मधले ‘डोकसुरी’ तर शेजारच्या चिनच्यांगवर येऊन धडकले.

आता परका माणूस इथे राहतो कसा, ते बघू. हॉटेल सोडून कुठेही खोली घेतली की चोवीस तासांच्या आत पोलीस ठाण्यात नाव नोंदवायचे. घरमालकाला सहसा एक महिन्याची अनामत आणि तीन महिन्यांचे भाडे एकदम लागते, म्हणजे ‘स्वस्त’ खोलीलाही सुरुवातीला चार महिन्यांचा पैसा गाठीला हवा. हे एजंट सांगत नाही. बाजारात व्यवहार बहुतेक मोबाइलवर. भाषा वर्गात शिकवतात ती सरकारी चिनी, आणि भाजीवाली म्हातारी बोलते ती मिन्नान. दोन्हींत एवढा फरक की वर्गात पहिला आलेला पोरगाही बाजारात मुका होतो. परदेशी मुलांना भाषा शिकवणारे ह्वाचियाओ विद्यापीठ इथे १९६० सालापासून आहे, तेवढा आधार.

नोकरीचे मात्र कान उघडे ठेवून ऐका. विद्यार्थ्याच्या व्हिसावर परवानगीवाचून काम करणे गुन्हा आहे. जुलै २०१३ पासून लागू असलेल्या कायद्यात पाच हजार ते वीस हजार युआन दंड आहे, प्रकरण गंभीर असेल तर कोठडी आणि परत पाठवणीही. ‘इंग्रजी शिकवून खर्च भागेल’ असे कोणी म्हटले तर त्याला विचारा, कोणत्या व्हिसावर? तिथे परदेशी शिक्षक म्हणून सहसा ज्यांची मातृभाषा इंग्रजी अशाच देशांचे लोक घेतले जातात. आपला पोरगा कितीही फाडफाड इंग्रजी बोलो, त्याचा पासपोर्ट भारताचाच राहतो.

आणि मायबहिणींनो, एक गोष्ट तुमच्यासाठी. चीनमध्ये व्हॉट्सअ‍ॅप बंद, गुगल बंद. तिथली सगळी दुनिया वीचॅटवर. पण जून २०२० मध्ये आपल्या सरकारने जी चिनी अ‍ॅप बंद केली त्यात वीचॅटही गेले. म्हणजे लेकाकडे आईचे साधन नाही आणि आईकडे लेकाचे नाही! दोन सरकारांची भांडणे, आणि ताटातूट कोणाची, तर फोनची वाट बघत ओट्यावर बसलेल्या बाईची. थेट विमानेही २०२० ला बंद पडली, ती ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. मधल्या काळात तिकडे शिकणारी आपली कितीतरी मुले घरी अडकून पडली, डॉक्टरकीचे वर्ग मोबाइलवर करीत.

परका माणूस ही या शहराला नवी गोष्ट नाही. १०८७ साली इथे समुद्री व्यापाराची सरकारी कचेरी झाली. अरब, इराणी, तमिळ व्यापारी वस्ती करून राहिले. ते या बंदराला झैतून म्हणत. आपण ज्याला सॅटिन म्हणतो, तो शब्द याच नावावरून आला असे पुष्कळ जाणकार मानतात. आयुष्यभर कापडाशी काम केलेल्या माणसाला याचे किती अप्रूप वाटते ते आम्हीच जाणतो. १००९ सालची मशीद तिथे उभी आहे. १२८१ सालचा तमिळ शिलालेख सापडला आहे. ६८६ साली स्थापन झालेल्या कैयुआन बुद्धविहारात मागच्या बाजूला दोन दगडी खांब आहेत, त्यांवर विष्णू-कृष्णाच्या कथा कोरल्या आहेत. तमिळ व्यापाऱ्यांचे देऊळ पडले, त्याचे खांब विहाराच्या डागडुजीला लागले. २०२१ मध्ये युनेस्कोने हा सगळा ठेवा जागतिक वारशात घेतला.

पण खांब टिकले तरी माणसे टिकली नाहीत. १३५७ ते १३६६ या काळात परक्या फौजेचे बंड झाले आणि ते मोडताना परक्यांची कत्तल झाली. ज्यांनी शहराला श्रीमंत केले त्यांचीच! अलीकडचे उदाहरणही आहे. एप्रिल २०२० मध्ये, महामारीच्या काळात, दक्षिणेच्या ग्वांगचौमध्ये आफ्रिकी लोकांना भाड्याच्या घरांतून रस्त्यावर काढले गेले. चिनी माणूस वाईट असे आम्ही म्हणत नाही. संकट आले की शहर आधी परक्याकडे बोट दाखवते, हे मुंबईत पोट भरायला आलेल्याला शिकवावे लागत नाही.

स्वस्ताई कोणाच्या जिवावर, हेही बघितले पाहिजे. चिनच्यांगमध्ये बुटांचे कारखाने, शिशीमध्ये तयार कपड्यांचे. तिथे राबणारे कामगार आतल्या गरीब प्रांतांतून येतात. चिनी असूनही त्यांची नोंद गावच्या खात्यावर, त्यामुळे पोरांच्या शाळेपासून अडचणी. आपल्याच देशात ते निम्मे परके. ७ मार्च २०२० रोजी च्वान्चौत एक हॉटेल कोसळले, बेकायदा वाढवलेले बांधकाम. त्यात महामारीमुळे लोकांना अलग ठेवले होते. २९ माणसे गेली.

शेवटी परमार्थ भिक्षूंची गोष्ट सांगतो. उज्जैनचे, जन्म इ. स. ४९९. ५४६ साली समुद्रमार्गे चीनला उतरले. राजाची भेट झाली, पण लगेच बंडाळी माजली आणि हा विद्वान माणूस ग्रंथ घेऊन गावोगाव हिंडत राहिला. परत फिरावे म्हणून ते लियांगआन बंदरात आले. अभ्यासक ही जागा आजच्या च्वान्चौच्या परिसरात मानतात. तिथल्या लोकांनी आग्रहाने ठेवून घेतले. तिथेच ५६२ साली त्यांनी वज्रच्छेदिका सूत्राचे भाषांतर केले. त्याच वर्षी जहाजात बसले, आणि वाऱ्याने जहाज फिरवून पुन्हा चीनच्याच किनाऱ्याला, ग्वांगचौला, आणून सोडले! पुढे ५६८ मध्ये ते इतके खचले की डोंगरात जाऊन जीव द्यायला निघाले. शिष्य धावले, अधिकारी धावले, समजूत घालून परत आणले. ५६९ मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले. उज्जैन पुन्हा दिसले नाही.

भाषांतरकार म्हणून त्यांचे नाव सगळे घेतात, त्या डोंगराची वाट कोणी सांगत नाही. ज्यांच्या घरातला पोरगा जाणार असेल त्यांनी खोलीभाड्याचा हिशेब जरूर करावा. त्याचबरोबर तिथे त्याच्या हाकेला धावणारे कोण आहे, तेही निघण्याआधी विचारून घ्यावे. कागदपत्रे, व्हिसा, करार यांची छाननी करायची असेल तर रविवारी वंदनेनंतर आम्ही विहारातच बसलेले असतो. एजंटाला सही देण्याआधी या.

जयभीम! नमो बुद्धाय!