वर्गातील वाढदिवसाचा खाऊ



तापी नदी खानदेशातून वाहत सुरतेस येते. तिच्याच वाटेने गेल्या काही पिढ्यांत खानदेशातील असंख्य कुटुंबेही पोटापाण्यासाठी सुरतेस आली. लिंबायत, उधना, दिंडोली, पांडेसरा या भागांत जळगाव, धुळे व नंदुरबारकडील माणसे यंत्रमागांवर आणि रंगाई-छपाईच्या कारखान्यांत राबताना दिसतात. सुरत महानगरपालिकेची नगर प्राथमिक शिक्षण समिती गुजरातीप्रमाणेच मराठी माध्यमाच्याही शाळा चालविते. पहिली-दुसरीच्या वर्गांतून आज सर्वत्र आढळणारी एक रीत या वस्त्यांतील पालकांनाही सुटलेली नाही. ज्याचा वाढदिवस असेल ते बालक नवे कपडे घालून येते आणि वर्गभर खाऊ वाटते.

पाटावर बसवून, सुपारी व अंगठीने ओवाळून तोंडात साखर घालण्याची घरची चाल जुनी आहे. वर्गात वाटण्याची चाल त्या मानाने अलीकडची. ती वाईट मुळीच नाही. सहा वर्षांच्या मुलाला स्वतःच्या हाताने दुसऱ्यास काही देता यावे, ही शिक्षणाचीच एक बाजू होय. विचार करावयाचा तो पिशवीत काय असते याचा. बहुधा गोळ्या, चॉकलेटे, वेफर्सच्या पुड्या, क्वचित क्रीमचा केक आणि शीतपेय.

‘वर्षातून एकदाच तर आहे,’ असे घरोघरी म्हटले जाते. घरापुरते ते खरेही आहे. परंतु वर्गात चाळीस मुले असतील, तर सुट्टीत येणारे वाढदिवस वजा जाता तीसएक वाढदिवस शाळेच्या दिवसांत येतात. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाचे किमान २०० दिवस कामाचे ठरविले आहेत. म्हणजे जवळजवळ दर आठवड्यास वर्गात एक वाढदिवस असतो. आईला दिसतो तो एकच दिवस. मुलाच्या पोटात जातात ते सगळे. हा हिशेब एकट्या शिक्षकासच दिसू शकतो, म्हणून त्याची जबाबदारीही मोठी आहे.

चार ते सहा वर्षांच्या बालकास दिवसाला सुमारे १,३६० कॅलरी ऊर्जा लागते, असे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० साली सांगितले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ सालच्या शिफारशीप्रमाणे वरून घातलेल्या साखरेचा वाटा एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांहून कमी असावा. त्या हिशेबाने अशा बालकाची मर्यादा दिवसास सुमारे ३४ ग्रॅम, म्हणजे सातएक चमचे भरते. दोनशे मिलिलिटर शीतपेयात वीस ग्रॅमच्या आसपास साखर असते. सकाळचा गोड चहा आणि वरून दोन-तीन चॉकलेटे धरली, की दुपारच्या आतच दिवसाचा कोटा संपतो. आणि मग शाळेत शिजलेले ताटातील अन्न तसेच राहते.

याच वयात आणखी एक गोष्ट घडत असते, आणि तिकडे फारच थोड्या पालकांचे लक्ष जाते. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दातांच्या मागे पहिल्या कायमच्या दाढा येतात. कोणताही दात पडलेला नसतो, त्यामुळे घरची माणसे त्यांनाही दुधाच्याच दाढा समजतात आणि ‘पडायच्याच आहेत’ म्हणून सोडून देतात. या दाढांना खोल खाचा असतात. चिकट गोळी त्यांत अडकून बसते, तोंडातील जंतू त्या साखरेचे आम्ल करतात आणि दाढ किडू लागते. ती गेली की तिच्या जागी दुसरी येत नाही. सबब, गोड द्यावयाचेच असेल तर ते जेवणाबरोबर द्यावे व नंतर सर्व मुलांकडून चूळ भरून घ्यावी. तासभर चघळत राहण्याची गोळी ही सर्वांत वाईट.

मग द्यावे तरी काय? सुरतेसारख्या ठिकाणी या प्रश्नाला उत्तरे पुष्कळ आहेत. केळे हे तर खानदेशी माणसाच्या घरचेच फळ. स्वस्त, बाराही महिने मिळणारे, आणि निसर्गाने स्वतःच वेष्टन घातलेले असल्याने माश्या व अस्वच्छ हात यांपासून सुरक्षित. (कापून ठेवलेली फळे मात्र वर्गात आणू नयेत.) शेजारच्या नवसारी जिल्ह्यातील अमलसाडचे चिकू प्रसिद्धच आहेत. हिवाळ्यात सुरतेच्या बाजारात पोंक येतो. तो म्हणजे आपला ज्वारीचा हुरडाच. तो त्याच दिवशी खाल्ला पाहिजे, एवढे पथ्य पाळावे. गुजरातेतील सुखडी ही कणीक, गूळ व तूप यांची. मराठी घरांत तिलाच गुळपापडी म्हणतात. गुजरात शासनाने डिसेंबर २०२४ मध्ये शाळांसाठी पौष्टिक अल्पाहाराची जी योजना जाहीर केली, तिच्यातही चणे व कडधान्यांबरोबर सुखडीला स्थान दिले आहे. राजगिऱ्याचा लाडू, दाण्याच्या कुटाचा लाडू, वाफवलेली मोडाची मटकी, ढोकळा हेही आहेतच. अर्थात गूळही शेवटी साखरेचाच भाऊ. तो पौष्टिक म्हणून लाडू लिंबाएवढा करावा, नारळाएवढा नव्हे.

बालवाडीच्या मुलांना अख्खे शेंगदाणे किंवा फुटाणे कदापि देऊ नयेत. हसता-खेळता दाणा श्वासनलिकेत गेल्यास जिवावर बेतते. तसेच एखाद्या बालकास दाणे वा दूध सोसत नसेल, तर त्याची नोंद शिक्षकांनी वर्षारंभीच करून ठेवावी.

खाऊच्या सकसपणाइतकाच नाजूक प्रश्न आहे तो घरच्या ऐपतीचा. एका घरून केक येतो, दुसऱ्या घरून चाळीस चॉकलेटे येतात. तिसऱ्या घरची आई, बापाचा पगार झालेला नाही म्हणून, मुलाला त्या दिवशी शाळेतच पाठवीत नाही. मूल मात्र ते विसरत नाही. केळे किंवा लाडू वाटण्याची लाज त्या आईला वाटते, कारण वर्गाचा रिवाज चॉकलेटांचा असतो. शिक्षकांनी सर्वांसाठी एकच नियम केला, तर ही लाज आपोआप नाहीशी होते. खाऊ आणणे सक्तीचे नाही, आणावयाचा झाल्यास ठरलेल्या यादीतील आणावा, एवढा नियम पुरेसा आहे.

याहून चांगला मार्ग गुजरातने फार आधी दाखविला आहे. १९८४ साली तेथे शालेय मध्याह्न भोजन सुरू झाले. त्यालाच जोडून ‘तिथिभोजना’ची प्रथा वाढली. वाढदिवस, विवाह अशा प्रसंगी एखादे कुटुंब शाळेतील मुलांना पूर्ण जेवण देते, नेहमीच्या जेवणाबरोबर एखादा पदार्थ देते, किंवा मोडाची कडधान्ये अथवा भांडीही देते. पुढे इतर राज्यांनी ती कल्पना आपापल्या नावाने स्वीकारली. महाराष्ट्रात तिला ‘स्नेहभोजन’ म्हणतात. हरियाणात मुलीच्या वाढदिवसाचेच नाव तिला मिळाले. २०२१ साली मंजूर झालेल्या पंतप्रधान पोषण योजनेतही तिथिभोजनास उत्तेजन आहे. एकट्या यंत्रमाग कामगाराला सबंध वर्गाचे जेवण झेपणार नाही हे उघड आहे. परंतु एका महिन्यात जन्मलेल्या तीन-चार मुलांचे पालक मिळून महिन्यातील एका दिवशी नेहमीच्या जेवणात केळी किंवा मोडाची उसळ सहज घालू शकतील. आठवड्याचा खाऊ महिन्यावर येईल, खर्च वाटला जाईल, आणि कोणाचे काय आणले हे कोणाला कळणार नाही. नवे कपडे, वर्गाचे गाणे, स्वतःच्या हाताने वाढण्याचा मान यांतील काहीच कमी होणार नाही.

अशा सामुदायिक वाढदिवसाची आखणी करताना एक अडचण पुढे येईल. जन्मनोंद हाती नसली, की शाळेच्या दाखल्यावर १ जून ही तारीख घालण्याची जुनी वहिवाट होती. तशा तारखेची माणसे आजच्या पालकांत पुष्कळ आहेत, आणि मुलांतही एखाददुसरे निघते. १ जूनला शाळेला सुट्टी असते. या मुलांचा, तसेच मे महिन्यात जन्मलेल्यांचा वाढदिवस वर्गाने कधीच पाहिलेला नसतो. शाळा उघडल्यानंतरच्या पहिल्या सामुदायिक वाढदिवसास केळ्यांची टोपली याच मुलांच्या हाती द्यावी.