श्वासाचा सराव घरच्या अंगणात

(वार्षिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



रुग्णालयाच्या वर्षभरातील कार्याचा आढावा आपल्या हाती आहेच. आज आम्ही आपले लक्ष एकाच विषयाकडे वेधू इच्छितो. तो म्हणजे फुप्फुसविकाराच्या रुग्णांचे पुनर्वसन आणि त्या कामी मोबाईलचे साहाय्य.

आपला भंडारा जिल्हा धानाचा आणि तलावांचा. येथे चुलीचा धूर आहे, राईस मिलमधील तुसाची धूळ आहे, खाणकाम आहे, विडी-तंबाखू आहे आणि बरा होऊनही फुप्फुसांवर व्रण ठेवून गेलेला क्षयरोगही आहे. घरोघरी ज्याला सरसकट ‘दमा’ म्हटले जाते, त्यातील कितीतरी रुग्णांना प्रत्यक्षात सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा विकार असतो. हा केवळ विडी ओढणाऱ्यांचा आजार नव्हे, ही गोष्ट पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनमधील डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे प्रा. पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकातून जगापुढे ठळकपणे मांडली. भारतात १९९० साली सीओपीडीचे सुमारे २ कोटी ८१ लाख रुग्ण होते. २०१६ साली ही संख्या ५ कोटी ५३ लाखांवर गेल्याचा अंदाज आहे.

औषधाने या रुग्णांच्या श्वासनलिका काहीशा मोकळ्या होतात. परंतु गेलेली ताकद औषधाने परत येत नाही. चालले की धाप लागते, म्हणून रुग्ण बसून राहतो. बसून राहिल्याने मांड्यांचे स्नायू दुबळे होतात आणि दुबळ्या स्नायूंना तेवढ्याच कामासाठी अधिक श्वास लागतो. हे दुष्टचक्र तोडण्याचा उपाय म्हणजे फुप्फुस पुनर्वसन. बेताबेताने वाढविलेले चालणे, हातापायांचे व्यायाम, ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडण्याचा सराव, इनहेलर घेण्याची योग्य रीत आणि आहाराचे मार्गदर्शन, हे सारे त्यात येते. साधारणतः आठ आठवडे, आठवड्यातून दोन-तीन वेळा हा क्रम चालतो. २०१५ साली कॉक्रेन या संस्थेने ६५ अभ्यासांतील ३,८२२ रुग्णांची माहिती एकत्र तपासली. पुनर्वसन घेतलेले रुग्ण सहा मिनिटांत इतरांपेक्षा सरासरी सुमारे ४४ मीटर अधिक चालू शकले. हे अंतर ऐकावयास अल्प वाटेल. पण घरापासून विहिरीपर्यंत न थांबता जाता येणे आणि न येणे, यांतील फरक अनेकदा एवढाच असतो.

मग अडते कोठे? अडते ते प्रवासात. लाखांदूर किंवा तुमसरकडील रुग्णाने आठवड्यातून दोनदा एसटीने यावयाचे, सोबत घरातील एक माणूस आणावयाचा, म्हणजे दोघांचे भाडे आणि एकाची मजुरी गेली. त्यात रोवणीचे किंवा कापणीचे दिवस आले की उपचार मागे पडतो.

येथे मोबाईल उपयोगी पडतो. कॉक्रेनच्याच २०२१ सालच्या आढाव्यात दूरस्थ पुनर्वसनाचे १५ अभ्यास आणि १,९०४ रुग्ण होते. साधा टेलिफोन, संकेतस्थळ, अ‍ॅप, व्हिडिओ कॉल अशी साधने त्यांत वापरली गेली. लाभ केंद्रात येऊन घेतलेल्या उपचारासारखाच आढळला आणि उपक्रम पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण केंद्रात ७० टक्के, तर दूरस्थ पद्धतीत ९३ टक्के होते. हे आकडे आपल्या खेड्यांना जसेच्या तसे लागू होतील, असा आमचा दावा नाही. तथापि दिशा स्पष्ट आहे. आपल्या देशातही २५ मार्च २०२० रोजीच्या टेलिमेडिसिनविषयक मार्गदर्शक सूचनांनी दूरध्वनीवरून वैद्यकीय सल्ला देण्यास निश्चित चौकट दिली आहे.

मात्र अ‍ॅप म्हणजे उपचार नव्हे. ते व्यायामाची आठवण करून देते, चित्रफीत दाखविते, रोजच्या पावलांची आणि धापेची नोंद ठेवते. ती नोंद वाचून दोन शब्द बोलणारा माणूस पलीकडे नसेल, तर काही दिवसांत ते उघडणेही बंद होते. शिवाय अनेक घरांत मोबाईल मुलाच्या खिशात असतो आणि मुलगा कामानिमित्त नागपूरला. चुलीपुढे आयुष्य घालविलेल्या आजीच्या हाती तो येतच नाही. म्हणून जिथे अ‍ॅप चालेल तिथे अ‍ॅप, आणि जिथे ते शक्य नाही तिथे ठरलेल्या वेळी साधा फोन, हीच रीत आम्हांस योग्य वाटते. पहिली तपासणी आणि चालण्याची चाचणी मात्र रुग्णालयातच, डॉक्टरांच्या देखरेखीखाली झाली पाहिजे.

आप्तस्वकीयांना आमची विनंती आहे की, व्यायामाच्या वेळी कोणीतरी जवळ असावे. बोटाला लावावयाचा ऑक्सिमीटर वापरावा; मोबाईलच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवून प्राणवायू मोजण्याचा दावा करणाऱ्या अ‍ॅपवर विसंबू नये. प्राणवायू डॉक्टरांनी सांगितलेल्या मर्यादेखाली गेला, छातीत दुखले, चक्कर आली किंवा ओठ निळसर दिसले, तर व्यायाम तत्काळ थांबवावा आणि डॉक्टरांशी संपर्क साधावा. विश्रांतीनंतरही त्रास न ओसरल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

दानशूर मंडळींना एवढेच सांगावयाचे आहे की, यंत्रासाठी देणगी मिळणे तुलनेने सुलभ असते. यंत्रावर नाव कोरता येते. आमची मागणी त्याहून साधी आहे. आठवड्यातून दोनदा रुग्णांना फोन करणाऱ्या प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टचे वेतन, गरजू घरांना वापरून परत करावयाचे ऑक्सिमीटर आणि पहिल्या तपासणीसाठी येणाऱ्या दोघांचे एसटीभाडे. यांतील कशावरही देणगीदाराचे नाव कोरता येणार नाही. परंतु एखाद्या अंगणात थांबत थांबत चालणारे पाऊल आठ आठवड्यांनी न थांबता पुढे पडेल, तेव्हा त्यात आपला वाटा असेल. तो आपण उचलावा, ही नम्र विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.