पहिल्या रिमांडच्या आधी



घरफोडीच्या गुन्ह्यात मुलाला पोलिसांनी नेलं, की भांडुपचा टेंभीपाडा असो वा कोकणनगर, घरची माणसं आधी कुठे धावतात हे मी वर्षानुवर्षं पाहत आले आहे. आधी नगरसेवकाकडे, मग मंडळाच्या अध्यक्षाकडे, मग ‘आपली आतमध्ये ओळख आहे’ म्हणणाऱ्या कुणाकडे तरी. वकिलाचं नाव निघतं ते मुलाला पोलीस कोठडी झाल्यावर. तोवर आईची पोत सराफाच्या तिजोरीत गेलेली असते. आज मला एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे. वकील हवा तो पहिल्या रिमांडच्या आधी.

आपल्या डोंगरावरच्या वस्तीत ताडपत्री कधी घालतात? मे संपता संपता, आभाळ कोरडं असताना. जूनमध्ये पहिली सर आली, गादी भिजली, तांदळाच्या डब्यात पाणी गेलं, की मग पत्र्यावर चढून काही उपयोग नसतो. शिवाय नुसती ताडपत्री पसरून भागत नाही. कडांवर विटा ठेवाव्या लागतात, नाहीतर पहिल्या वाऱ्यालाच ती शेजारच्या पत्र्यावर जाते. वकील म्हणजे ती ताडपत्री समजा. आणि विटा म्हणजे तुमचे कागद. मुलगा त्या रात्री कामावर होता तर कंपनीचं हजेरीपत्रक, मोबाईल विकत घेतला असेल तर त्याचं बिल, घरातल्या दागिन्याची सराफाची पावती. चोरीचा माल चोरीनंतर लगेच कुणाच्या ताब्यात सापडला आणि तो कुठून आला हे त्याला सांगता आलं नाही, तर न्यायालय त्याच्याविरुद्ध अनुमान काढू शकतं. म्हणून हे कागद शोधून पहिल्याच दिवशी वकिलाच्या हातात द्या.

मुलाला पकडल्यापासून चोवीस तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, दंडाधिकाऱ्यांसमोर उभं करावं लागतं. भांडुपच्या मुलांना त्यासाठी मुलुंडच्या कोर्टात नेतात. तिथे पोलीस कोठडी मागतात, सरकारी वकील बोलतात, आणि मुलाच्या बाजूने बोलायला कुणी नसेल तर सगळं काही मिनिटांत उरकतं. घरफोडीची फिर्याद बहुतेक वेळा अनोळखी चोरट्यांविरुद्ध लिहिलेली असते. मग ह्या मुलाचं नाव आलं कुठून? सीसीटीव्हीतून, बोटांच्या ठशांवरून, की दुसऱ्या आरोपीच्या बोलण्यातून? त्याच्याकडून काय जप्त केलं? आणखी कोठडी कशासाठी हवी? हे विचारायची जागा तीच. पोलिसांसमोर दिलेली कबुली कोर्टात पुरावा होत नाही. पण मुलाच्या सांगण्यावरून माल मिळाला, तर त्या मालाकडे नेणारं तेवढं बोलणं पुराव्यात येतं, आणि त्याचा पंचनामा ह्याच कोठडीच्या दिवसांत होतो. दोन आठवड्यांनी आलेल्या वकिलाच्या हाती तयार पंचनामा पडतो. गादी तोवर भिजलेली असते.

काही जण म्हणतात, ‘सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात पोलीस नोटीस देतात, अटक करत नाहीत.’ ह्या अर्धवट माहितीवर विसंबू नका. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम ३०५ मध्ये राहत्या घरातल्या चोरीला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, हे खरं. पण रात्री घर फोडून चोरी केल्याचा आरोप असेल तर कलम ३३१ लागतं आणि तिथे शिक्षा चौदा वर्षांपर्यंत जाते. रात्र म्हणजे सूर्य मावळल्यापासून उगवेपर्यंत. तेव्हा एफआयआरवर कुठली कलमं लावली आहेत ते आधी वाचा, नाहीतर वाचता येणाऱ्याकडून वाचून घ्या.

आता पैशांचं. ‘बाई, वकिलाला द्यायला आहे काय आमच्याकडे?’ हा प्रश्न मला सगळ्यात जास्त ऐकू येतो. बाबांनो, ज्याला पकडून कोठडीत ठेवलं आहे त्याला सरकारी खर्चाने वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा, त्याचं कलम १२ वाचा. तहसीलदाराचा दाखला लागत नाही. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातींची माणसं, अपंग व्यक्ती ह्यांनाही उत्पन्नाची अट नाही. आणि हे आपल्या मुंबईला नवं नाही. गरिबांना वकील मिळावा म्हणून बॉम्बे लीगल एड सोसायटी इथे १९२४ मध्येच उभी राहिली होती.

फोन नंबर लिहून घ्या. १५१००. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा हा क्रमांक. मुलाला नेल्याबरोबर ह्यावर फोन करा. मुलाला भेटता आलं तर त्याला एवढंच सांगा, की कोर्टात साहेबांसमोर नेल्यावर बोल, ‘मला विधी सेवेचा वकील पाहिजे.’ भीतीने तो गप्प राहील, म्हणून हे वाक्य त्याच्याकडून म्हणवून घ्या.

हे मागणं म्हणजे उपकार मागणं नाही. पत्रकार शीला बारसे ह्यांनी मुंबईच्या तुरुंगातल्या महिला कैद्यांशी बोलून सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं काही जणींनी त्यांना सांगितलं होतं. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानलं आणि १९८३ मध्ये निकाल दिला, की कुणालाही अटक केली की पोलिसांनी जवळच्या विधी साहाय्य समितीला लगेच कळवायचं, आणि कोठडीत छळ झाला का हे दंडाधिकाऱ्यांनी आरोपीला विचारायचं. पुढे २०१२ मध्ये कसाबच्या अपिलात, म्हणजे ज्याने आपलं शहर रक्ताने भिजवलं त्याच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालय म्हणालं की पहिल्यांदा समोर आणलेल्या आरोपीला वकिलाचा हक्क सांगणं आणि हवा असल्यास वकील देणं हे दंडाधिकाऱ्यांचं कर्तव्य आहे. त्यात कसूर केली तर त्यांची खात्यामार्फत चौकशी होऊ शकते. कसाबला जो हक्क होता तो आमच्या खिंडीपाड्याच्या पोराला नाही का? आहे. पण तो मागायला त्याच्या बाजूने कुणी वेळेवर पोहोचत नाही, ह्याचंच मला दुःख आहे.

अटकेची कारणं लेखी, आणि आरोपीला समजेल अशा भाषेत द्यायची असतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये, वरळीतल्या एका वाहन अपघाताच्या प्रकरणातून गेलेल्या अपिलात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा कागद रिमांडसाठी उभं करण्याच्या निदान दोन तास आधी आरोपीच्या हाती पडला पाहिजे. तो मागा, जपून ठेवा, वकिलाला दाखवा. आणि कोऱ्या कागदावर सही करू नका. कुणी कितीही गोड बोललं तरी नाही.

‘फुकटचा वकील काय कामाचा?’ असं म्हणणाऱ्यांवर मला राग येतो. माणूस नीट काम करत नसेल तर प्राधिकरणाकडे लेखी अर्ज करून दुसरा मागता येतो. कोर्टाबाहेर मांडवलीच्या गोष्टी करून हजारो रुपये घेणाऱ्या माणसाविरुद्ध तुम्ही कुठे अर्ज करणार आहात?

अजून एक, आणि हे घरफोडीतच जास्त होतं. एका गुन्ह्यात पकडलेल्या मुलावर आजूबाजूचे न उलगडलेले गुन्हेही दाखवले जातात. प्रत्येक गुन्ह्यात वेगळी अटक, वेगळा रिमांड, वेगळा जामीन. एकात सुटला म्हणून पेढे वाटू नका. पहिल्यांदाच गुन्हा लागलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ तुरुंगात काढला तर त्याला सोडायची तरतूद आता नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहे, पण अनेक प्रकरणं चालू असली की तो दरवाजा बंद होतो. म्हणून वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा, ‘ह्याच्यावर एकूण गुन्हे किती दाखवले आहेत?’ आरोपपत्र साठ किंवा नव्वद दिवसांत आलं नाही तर... पण तो विषय मोठा आहे, वेळ थोडा उरला आहे.

जामीनदाराचं मात्र सांगायलाच हवं. जामीन मंजूर होतो आणि तरी मुलगा आतच राहतो, कारण जामीनदार मिळत नाही, भाड्याच्या खोलीवर सॉल्व्हन्सी, म्हणजे ऐपतीचा दाखला, मिळत नाही. टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून अशाच कैद्यांसाठी काम करतो आहे. तुमच्या हातात एक गोष्ट आहे. तूर्त रोख रकमेवर सोडा आणि जामीनदार आणायला मुदत द्या, असा अर्ज कोर्टात करता येतो. रक्कम झेपत नसेल तर ती कमी करण्याचा अर्जही करता येतो. दोन्ही अर्ज विधी सेवेचा वकील पैसे न घेता लिहून देतो. जामिनाचा हुकूम हातात पडला, की त्याच दिवशी त्याला हे सांगा.