स्वीकारलेली नोकरी सोडताना

नोकरीचा स्वीकार म्हणजे देऊ केलेले काम, पगार आणि रुजू होण्याची तारीख मान्य असल्याचे उमेदवाराने लेखी किंवा तोंडी कळवणे. आणि माघार म्हणजे तसे कळवून झाल्यावर, परंतु प्रत्यक्ष रुजू होण्याआधी, येणार नसल्याचे सांगणे. राधानगरीसारख्या डोंगरी तालुक्यातून पदवी किंवा आयटीआय करून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींसाठी या दोहोंमधला काळ मोठ्या ओढाताणीचा असतो, कारण गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या औद्योगिक वसाहतीतून बोलावणे आलेले असते, पुण्याच्या मुलाखतीचा निकाल यायचा असतो आणि स्पर्धा परीक्षेची यादीही लागायची असते. अशा वेळी हाती आलेले पहिले काम होकार देऊन धरून ठेवणे ही लबाडी नव्हे. ज्याच्या घरची परिस्थिती बेताची आहे त्याला ते करावेच लागते. प्रश्न असतो तो पुढे चांगली संधी आल्यावर पहिल्या ठिकाणी काय आणि कधी सांगायचे याचा.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी आहे. भारतीय करार कायदा, १८७२ याच्या पाचव्या कलमानुसार दिलेला होकार समोरच्याला कळण्यापूर्वीच मागे घेता येतो. होकाराचे पत्र टपालात असताना नकाराची तार आधी पोहोचली, तर माघार वैध ठरत असे. ई-मेलच्या काळात ही सवड जवळजवळ उरलेलीच नाही. होकार पोहोचला की करार होतो, आणि तो मोडल्यास त्र्याहत्तराव्या कलमाखाली प्रत्यक्ष झालेल्या नुकसानीची भरपाई मागता येते. मात्र अमक्याने अमक्याकडे कामाला गेलेच पाहिजे, असा हुकूम न्यायालये सहसा देत नाहीत. हे नेहमीच असे नव्हते. १८५९ च्या एका कायद्याने, आगाऊ रक्कम घेऊन कामावर न येणाऱ्या मजुराला दंडाधिकारी आधी कामावर जाण्याचा किंवा पैसे परत करण्याचा हुकूम देई, आणि तो न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी देऊ शके. हा कायदा १९२५ मध्ये रद्द झाला.

आगाऊ रक्कम घेऊन न येण्याचा प्रश्न मात्र राधानगरीच्या लोकांना परका नाही, कारण भोगावतीकाठचा ऊस याच व्यवहारावर तोडला जातो. ट्रॅक्टरमालक वाहतूकदार हंगामापूर्वीच, अनेकदा कर्ज काढून, तोडणीच्या मुकादमाला उचल देतो. उचल म्हणजे पुढे मजुरीतून वळती करून घेतली जाणारी आगाऊ रक्कम. करार कोयत्यांवर होतो आणि नवरा-बायकोची जोडी एक कोयता धरली जाते. दिवाळीच्या सुमारास कारखान्याचा भोंगा वाजतो आणि ठरलेली टोळी आलीच नाही, मुकादमाचा फोन बंद लागला, तर वाहतूकदाराच्या दारात ट्रॉल्या उभ्या राहतात, बँकेचा हप्ता थांबत नाही, आणि ज्याच्या उसाला तोड मिळायची असते त्या शेतकऱ्याच्या फडाला तुरे येऊन वजन घटते. टोळी येणार नाही हे दसऱ्याआधी कळले असते तर दुसरी टोळी शोधता आली असती. नुकसान न येण्याने होते त्यापेक्षा न सांगण्याने अधिक होते. याची दुसरी बाजूही तितक्याच ठामपणे मांडली पाहिजे. उचल फिटली नाही म्हणून आजारी मजुराला फडावर अडवून ठेवणे ही वेठबिगारी आहे आणि १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने तिला बंदी आहे. घेतलेला पैसा माघार घेणाऱ्याने आपणहून परत केला पाहिजे, परंतु त्यापोटी माणूस अडवता येत नाही.

पगारी नोकरीत उचल नसते, पण अडलेला तिसरा माणूस असतोच, तो म्हणजे प्रतीक्षा यादीतला पुढचा उमेदवार. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने उमेदवारांना अंतिम निकालापूर्वी ठरावीक मुदतीत भरतीप्रक्रियेतून बाहेर पडण्याचा पर्याय दिला आहे, तो याचसाठी. आधीच वरचे पद मिळालेल्याने हा पर्याय वेळेत निवडला, तर ती जागा निकालातच दुसऱ्याला मिळते. तो गप्प राहिला, तर निवड त्याच्या नावावर पडून राहते आणि एक-दोन गुणांनी मागे राहिलेला कोणी अभ्यासिकेत आणखी एक वर्ष काढतो. ज्या शाहू महाराजांनी आपल्या कन्येच्या नावाने राधानगरी वसवली, त्यांनीच २६ जुलै १९०२ च्या आदेशाने करवीर संस्थानातील रिकाम्या होणाऱ्या निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. रिकाम्या जागेवर समाजाचाही हक्क असतो, ही दृष्टी त्या आदेशामागे होती. त्या दृष्टीने पाहता नको असलेली जागा अडवून बसणे हा केवळ मालकाशी केलेला अशिष्टपणा राहत नाही.

म्हणून निर्णय पक्का झाला की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी, नेमणुकीचे पत्र ज्याच्या सहीने आले त्याला, उमेदवाराने स्वतः फोन करावा आणि मागोमाग ई-मेल पाठवावा. वडिलांकडून किंवा मित्राकडून निरोप धाडू नये. कारण खरे आणि थोडक्यात असावे. ‘साहेब, मला दुसरीकडे काम मिळालं आहे, एक तारखेला येणं होणार नाही, म्हणून लगेच कळवतोय,’ एवढे बोलणे पुरते; आजीच्या आजारपणाची सबब सांगणारा पुढे त्याच वसाहतीत दुसऱ्या गेटवर दिसतो, तेव्हा त्याच्या गावच्या पुढच्या मुलाचीही पत जाते. दुसऱ्या ठिकाणचा आकडा सांगून पगार वाढवून घेण्याचा प्रयत्न या फोनवर करू नये. ती बोलणी होकारापूर्वीची असतात. पहिली जागा सोडण्याआधी दुसरीकडचे पत्र हातात असावे, केवळ तोंडी आश्वासनावर विसंबू नये, आणि पहिल्या पत्रातील अटी, विशेषतः घेतलेली रक्कम परत करण्याविषयीच्या, पुन्हा वाचाव्यात.

ग्रामीण भागात आणखी एकाला सांगणे कर्तव्य ठरते, आणि ते सर्वात अवघड असते. पुष्कळदा मामाने किंवा गावच्याच एखाद्या फोरमनने पोरासाठी कारखान्यात शब्द टाकलेला असतो. कंपनीला फोन करण्यापूर्वी त्याच्या घरी जाऊन सांगावे, त्याचे चार शब्द ऐकून घ्यावेत. आपण आणलेला मुलगा येणार नाही, हे त्याला साहेबांच्या तोंडून कळता कामा नये.

मालकांनाही हाच नियम लागू आहे. नेमणुकीचे पत्र देऊन महिनोन्‌महिने रुजू करून न घेणे, आणि शेवटी जागा नसल्याचे कळवणे, यात त्या मुलाच्या हातून दुसरी संधी गेलेली असते, म्हणून कंपनीनेही बेत बदलताच कळवले पाहिजे; आणि ज्याने वेळेत, सरळपणे नकार कळवला आहे, त्याची मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेतली असल्यास ती कोणतीही खळखळ न करता परत दिली पाहिजेत.