सुमित्राबाईंचे चित्रपट आणि आपली गावं
(स्वागताध्यक्षीय भाषण)



मेहकर तालुक्यातल्या डोणगावात आपणा सर्वांचं मनःपूर्वक स्वागत करते. हा जिजाऊंचा बुलढाणा जिल्हा. १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून समाजाला जाब विचारणाऱ्या ताराबाई शिंदेही बुलढाण्याच्याच. ज्यांच्या कारकिर्दीचा आढावा घ्यायला आपण या संमेलनात जमलो आहोत, त्या दिग्दर्शिका सुमित्रा भावे यांचा जन्मही जिजाऊंच्या जयंतीदिवशीचा, १२ जानेवारी १९४३चा. आम्हा बुलढाणेकरांना याचं फार अप्रूप आहे.

सुमित्राबाईंनी चित्रपटाचं रीतसर शिक्षण घेतलं नव्हतं. त्या समाजकार्याच्या प्राध्यापक. ‘स्त्रीवाणी’ या संस्थेच्या कामात त्यांनी वस्तीतल्या बायकांची आयुष्यं समजून घेतली. ज्यांनी आपली कर्मकहाणी सांगितली, त्यांतल्या कितीजणींना त्यावरचा अहवाल वाचता येणार होता? ज्यांचं ऐकलं, त्यांच्यापर्यंत ते परत पोचलंच पाहिजे, या तळमळीतून १९८५ साली ‘बाई’ हा लघुपट झाला. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले सुनील सुकथनकर त्यांचे सहदिग्दर्शक झाले आणि ही जोडी अखेरपर्यंत टिकली.

१९९५चा ‘दोघी’ आठवा. लग्नाच्या दिवशीच नवरदेव अपघातात जातो आणि थोरली बहीण गौरी पांढऱ्या पायाची ठरते. पोट भरायला मुंबईला पाठवलेली ही पोर तिथे देहविक्रयात ढकलली जाते. तिच्या पैशांवर घर उभं राहतं. पण धाकटीच्या लग्नात ती कुणाला नको असते. पैसा चालतो, पोर चालत नाही. तिच्या बाजूने उभी राहते ती धाकटी कृष्णा. असं घर आपण पाहिलेलंच नाही, असं इथे कोण छातीठोकपणे म्हणेल?

‘देवराई’त स्किझोफ्रेनिया, ‘नितळ’मध्ये कोड, ‘अस्तु’मध्ये स्मृतिभ्रंश. ज्या दुखण्यांवर घरोघरी पांघरूण घातलं जातं, ती त्यांनी उजेडात आणली. या विषयांना पैसा लावणारे मोजकेच. तरीही त्यांनी आपला सूर सोडला नाही. २०१६च्या ‘कासव’ला सुवर्णकमळ मिळालं. त्यात जीव द्यायला निघालेल्या एका तरुणाला जानकी नावाची स्त्री आसरा देते. ‘का केलंस?’ असा तगादा त्याच्यामागे लावत नाही; त्याच्या कलाने घेते. शेतकरी आत्महत्यांनी पोळलेल्या आपल्या जिल्ह्याला या एका गोष्टीची किती गरज आहे! उंबऱ्याशी जाऊन उपदेश करणारे पुष्कळ भेटतात, शांतपणे शेजारी बसणारं माणूस मिळत नाही.

त्यांचा शेवटचा चित्रपट ‘दिठी’, दि. बा. मोकाशींच्या कथेवरचा. पुरात मुलगा गमावलेला रामजी लोहार, बाहेर कोसळणारा पाऊस आणि अडलेली गाय. रामजी आपलं दुःख घेऊनच गोठ्यात जातो आणि तिला सोडवतो. गोठ्यात रात्र जागवलेल्या माणसाला हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. १९ एप्रिल २०२१ रोजी सुमित्राबाई गेल्या. ‘दिठी’ त्यानंतर महिन्याभराने प्रदर्शित झाला.

हे चित्रपट शहरातल्या महोत्सवांपुरते राहू नयेत, एवढ्यासाठी हा खटाटोप. संमेलनासाठी राबणाऱ्या तरुण कार्यकर्त्यांचे, जेवणाची जबाबदारी घेतलेल्या महिलांचे आणि पाहुण्यांना घरी उतरवून घेणाऱ्या गावकऱ्यांचे मी आभार मानते.

आपल्याला एकच विनंती. चित्रपट संपला की लगेच उठू नका. थांबा, बोला, आणि पहिल्यांदा बायकांना बोलू द्या. आपापल्या गावी गेल्यावर शाळेच्या हॉलमध्ये, समाजमंदिरात यांतला एक तरी चित्रपट लावा. पडदा आणि प्रोजेक्टर लागला, तर आमची स्वागत समिती ते घेऊन तुमच्या गावी येईल.

जय जिजाऊ!